कपाटाची किल्ली

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी एक जुनी रीत आहे. तेल-उटणे लावून अंघोळ झाली की तुळशीपुढे जायचे, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे. लहानपणी या कडू थेंबाचा फार राग येई. आता साठी उलटून गेल्यावर वाटते, आपल्या पूर्वजांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. आधी कडू, मग गोड. दिवाळी अंकाच्या ताटातही एखादे कारीट असावे, असे माझे मत आहे. कथा, कविता आणि राशिभविष्य यांच्या शेजारी आज मी ते ठेवतो आहे. वाचकांनी तोंड खुशाल वाकडे करावे, पण एकदा जिभेला लावून पाहावे, एवढीच विनंती.

प्रश्न अगदी साधा आहे. ज्या मुलाला शाळेच्या वेळात औषध घ्यावे लागते, त्याचे औषध शाळेत कोणी सांभाळायचे, कोणी द्यायचे आणि वेळ आली की ते त्याच्या हाताला लागायचे कसे? "एवढ्याशा गोष्टीवर लेख?" असे कोणी म्हणेल. मीही एके काळी तसेच म्हटले असते.

माझी लेक सांगलीत असते. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर ती हिशेब लिहीत असे. 'असे' म्हणतो, कारण आता ती नोकरी नाही. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, दहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला. आमच्या वयाच्या लोकांना होतो तो नव्हे; हा पहिल्या प्रकारचा. यात शरीराची स्वतःचीच राखण करणारी यंत्रणा बिथरते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचाच नाश करते. आजोबांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणून खाऊ घातले म्हणून तो होत नाही, हे मला डॉक्टरांनी समजावून सांगितले, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला. या पोरांना जगायला इन्सुलिन लागते, आणि ते जेवणाआधी लागते. पोर शाळेत जेवते. म्हणजे इंजेक्शनही शाळेतच आले.

शाळेने नाही म्हटले नाही. आपल्याकडे नाही कोणी म्हणत नाही. शाळेने एवढेच सांगितले, की औषध शाळेत ठेवता येणार नाही, वर्गात सुई काढता येणार नाही, आणि आईने रोज मधल्या सुट्टीत येऊन काय ते करावे. माझी लेक रोज पेढीवरून धावत यायची. फाटकाशी उभी राहायची. शिपाई आत निरोप द्यायचा. मग मायलेकी मुलींच्या संडासात जायच्या आणि तिथे, ओल्या फरशीवर उभे राहून, पोटाला सुई टोचायच्या. वाचकहो, आपण संडासात बसून पुरणपोळी खाल का? मग औषध तिथे का घ्यावे? पाच महिन्यांनी पेढीचे मालक म्हणाले, "ताई, रोज भर दुपारी तास-तास जागा रिकामी राहते, कसे चालायचे?" त्यांचेही चूक नव्हते. नोकरी गेली.

मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटायला गेलो. बाई सभ्य होत्या. चहा मागवला. म्हणाल्या, "सर, आमची काही हरकत नाही हो. पण उद्या काही कमीजास्त झाले तर जबाबदारी कोणाची? तुम्ही स्वतः शिक्षक होतात, तुम्हाला मी काय सांगणार?"

मी गप्प बसलो. ते वाक्य मी ओळखले होते. ते माझेच होते.

आता माझी गोष्ट सांगतो. मी सातारा जिल्ह्यातला मास्तर. एकतीस वर्षे खडू झिजवला. १९९६ साली आठवीच्या वर्गात एक मुलगा होता, सडपातळ, शांत. एकदा तासाला तो बाकाखाली काहीतरी निळे तोंडाला लावताना मला दिसला. मी ते हिसकावून घेतले. दम्याचा पंप होता. मला तो ओळखू आला नाही, असेही नाही. पण मला वाटले, इतर पोरे खेळतील, तोंडात घालतील, भलते काही होईल. "औषध शाळेत आणायचे नाही, लागेल तेव्हा माझ्याकडे मागायचे," असे सांगून मी तो पंप कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. शिस्त म्हणजे शिस्त! मला स्वतःचा अभिमानच वाटला असेल.

दिवस उसाच्या हंगामाचे होते. तोडणी झालेल्या फडांत पाचट पेटवतात, त्याचा धूर गावावर बसला होता. दुपारी खेळाच्या तासाला पोरे धावली आणि या मुलाचा श्वास कोंडला. मुले माझ्याकडे पळत आली, पण मी शाळेत नव्हतो. पगाराच्या कामासाठी बँकेत गेलो होतो, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. शिपायाने शेवटी कपाटाची कडी उचकटून पंप काढला. मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी ठेवली होती. ती माउली भांडली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, ते खेळणं नव्हतं हो. औषध होतं."

तेव्हा आज जे मी लिहितो आहे, ते कोणा एका शाळेवरचा राग म्हणून नव्हे. आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मी उभा आहे. पण मी एकटा नाही, आणि म्हणूनच लिहितो आहे.

या बाबतीत शाळांची ठरलेली तीन उत्तरे आहेत. एकेकाचा समाचार घेऊ.

पहिले उत्तर : "शाळा म्हणजे दवाखाना नव्हे, आणि शिक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे." वा! मग गेल्या दशकाहून अधिक काळ आठवड्यातून एक दिवस, पोरांना रांगेत उभे करून लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी कोण देते आहे? २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी आपल्या डोळ्यांदेखत चावून खायला लावून, वहीवर खूण कोण करते आहे? २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम महाराष्ट्रात निघाली, तेव्हा वर्गांतली बाके सरकवून लसीकरणाची जागा कोणी केली? शाळांनीच केली, शिक्षकांनीच केली, आणि चांगली केली. तेव्हा शिक्षकाच्या हाताला औषध चालत नाही, हे खरे नाही. वरून आदेश आला की चालते. आईची चिठ्ठी आणि डॉक्टरांचा कागद आला की चालत नाही. शेकडो निरोगी पोरांना एका दिवसात गोळी देणाऱ्या शाळेला एका आजारी पोराचे औषध रोज देता येत नाही, याला काय म्हणावे?

आणि शिक्षकाचे काम काय, हे सांगताना सातारा जिल्ह्याने तरी जिभेला आवर घालावा. याच जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोचवले. त्याच प्लेगाने त्या वर्षीच्या १० मार्चला त्यांचा बळी घेतला. आपण त्यांची जयंती करतो, तसबिरीला हार घालतो, "आद्य शिक्षिका" म्हणून भाषणे ठोकतो. त्या माउलीने "जबाबदारी कोणाची?" असे विचारल्याचे ऐकिवात नाही. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली पोरे उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. त्या मातीतल्या शाळांनी तीन चमचे साखर टेबलाच्या खणात ठेवायला कां कूं करावे?

तीन चमचे साखर हा काही अलंकार नव्हे, हिशेब आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची रक्तातली साखर कधी एकदम उतरते. जेवण लांबले, धावपळ जास्त झाली, की उतरते. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, पोर चिडते, काहीबाही बोलते. पाहणाऱ्याला वाटते, आगाऊपणा चालला आहे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासायचे. एवढेच औषध. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात थेंबही ओतायचा नाही. तडक दवाखाना गाठायचा. माझ्या नातीने एकदा अशाच वेळी दप्तरातले बिस्किट काढले, तेव्हा "तासाला खातेस?" म्हणून तिला बाहेर उभे केले. ज्या सांगली जिल्ह्यात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडतात आणि साखरेच्या पोत्यांनी गोदामे भरतात, त्या जिल्ह्यात एक पोर साखरेवाचून दारात थरथरत उभे राहावे! मला तर याची लाज वाटते.

दुसरे उत्तर जास्त प्रामाणिक आहे : "चुकून जास्त दिले, भलत्याला दिले, तर?" ही भीती खोटी नाही आणि मी तिला हसणार नाही. शिक्षकाच्या डोक्यावर आधीच ओझे कमी नाही. मतदारयाद्या त्याने करायच्या, सर्वेक्षणे त्याने करायची, खिचडीच्या तांदळाचा हिशेब त्याने ठेवायचा. त्यात साठ पोरांचा वर्ग. पण भीतीवरचा उपाय औषध दूर लोटणे हा नव्हे. उपाय लिहून ठेवणे हा आहे. डॉक्टरांच्या सहीचा एक कागद : मुलाचे नाव, औषधाचे नाव, किती, केव्हा, आणि बिघडले तर काय करायचे. पालकांची त्यावर संमती. औषध मूळ वेष्टनात, नाव आणि मुदत वाचता येईल असे. शाळेतल्या दोन माणसांना माहिती, म्हणजे एक रजेवर गेला तर दुसरा आहे. आणि एक वही. दिले की तारीख, वेळ, सही. जंताच्या गोळीची वही ज्यांना ठेवता येते, त्यांना ही ठेवता येईल. चूक होते ती बहुधा तोंडी कारभारात होते. कागदावर आलेला कारभार आंधळा राहत नाही.

तिसरे उत्तर : "आम्ही औषध कुलपात ठेवतो, मागितले की देतो." माझेच उत्तर! कुलूप लावावे अशी औषधे आहेत. रोजच्या ठरल्या वेळेची गोळी जरूर कपाटात ठेवा. पण दम्याचा पंप, साखर, फिट आल्यावर नाकात फवारायचे औषध, ही घटका-दोन घटकांची वाट पाहणारी औषधे नव्हेत. ज्याचा श्वास कोंडला आहे, त्याने अर्ज करायचा कोणाकडे? पंप मुलाच्या खिशात असला पाहिजे. अगदी लहान असेल तर वर्गातच, बाईंच्या हाताशी. इन्सुलिनचीही तीच गत. वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर थंड्या सावलीत बाहेर टिकते, पण सांगलीच्या एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या कपाटात ती ठेवाल तर औषधाचे पाणी होईल. कुलपाने औषध सुरक्षित राहते असे नाही. पुष्कळदा फक्त कुलूपवाला सुरक्षित राहतो.

फिटचा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट सांगूनच टाकतो. अजूनही आपल्या शाळांत पोराला फिट आली की कोणी कांदा शोधायला धावतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी दातांत चमचा घालतो. यातले काही एक करू नये. पोराला कुशीवर वळवावे, आजूबाजूचे टोकदार सामान हलवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध द्यावे आणि १०८ ला फोन करावा. हे शिकायला वैद्यकाची पदवी लागत नाही. एक दुपार पुरते.

आता शाळांना झोडपून झाले. म्हणून घरचे सुटले असे कोणी समजू नये. फराळाच्या ताटावर बसून माना डोलावणाऱ्या आईबापांना, आजीआजोबांना माझा सवाल आहे : तुम्ही शाळेला खरे सांगितले आहे का? आपल्याकडे आजार झाकायची खोड फार. त्यातून मुलगी असेल तर पाहायलाच नको. "कळले तर उद्या लग्न कसे जमायचे?" म्हणून आठ वर्षांच्या पोरीची फिट लपवणारी घरे मी पाहिली आहेत. लग्नाची काळजी वाहायला आधी पोर जगले पाहिजे! दुसरे, आपण औषध पाठवतो ते कसे? वहीच्या कागदाच्या पुडीत दोन गोळ्या बांधायच्या आणि "बाईंना सांग दुपारी द्यायला" असे पोराच्याच तोंडी निरोप पाठवायचे. कोणती गोळी, कशावरची, काही पत्ता नाही. अशी पुडी बाईंनी परत पाठवली, तर मी बाईंच्या बाजूला उभा राहीन.

हे सारे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ सालीच मधुमेही मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेला बसताना खाऊ आणि साखरेच्या गोळ्या जवळ ठेवण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांना लिहिले, की अशा मुलांना शाळेत रक्त तपासू द्यावे, इन्सुलिन घेऊ द्यावे, डॉक्टर सांगतील तेव्हा खाऊ द्यावे. इंग्लंडात २०१४ साली आजारी विद्यार्थ्यांची व्यवस्था ठेवणे हे शाळांवर कायद्याने बंधनकारक झाले, आणि त्याच वर्षी शाळेला अडीअडचणीसाठी स्वतःचा दम्याचा पंप बाळगायची परवानगी मिळाली. कागद निघाले, पण माझ्या नातीच्या शाळेच्या फाटकाआत तो कागद आलेला मी पाहिला नाही. कागदाला पाय नसतात. तो कोणीतरी हातात घेऊन न्यावा लागतो.

खंत याची वाटते, की या भागात औषधाची उणीव नाही. वानलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हापासून दूरदूरचे लोक इलाजासाठी मिरजेची वाट धरत आले. आमच्या नातीचा आजारही वेळेवर ओळखला गेला. आणि इन्सुलिनची कथा तर एका शाळकरी वयाच्या पोरापासूनच सुरू होते. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरी मधुमेहावर म्हणून माणसाला ते पहिल्यांदा टोचले, तो लिओनार्ड थॉम्प्सन अवघा चौदा वर्षांचा होता. त्याआधी अशा मुलाला जवळजवळ उपाशी ठेवून मरण थोडे लांबवायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रांपलीकडे लागलेले औषध सांगलीपर्यंत आले, गल्लीतल्या दुकानापर्यंत आले, पोराच्या दप्तरापर्यंत आले, आणि शेवटच्या दहा पावलांवर, शाळेच्या फाटकाशी अडले!

आमच्या प्रकरणाचे पुढे काय झाले? मी मुख्याध्यापिकाबाईंना माझ्या कपाटाची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वर्गशिक्षिकेला बोलावले. ती पंचविशीतली मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या टेबलाशी बसून घेऊ दे की तिला. मी बघते." झाले! पाच महिने जे अडले होते, ते एका वाक्यात सुटले. आता नात मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत बसते, बोटाला टोचून रक्त तपासते, मात्रा बाईंना दाखवते, इंजेक्शन स्वतः घेते आणि डबा घेऊन मैत्रिणींत जाते. खणात साखरेची बरणी आहे, आणि खणाला कुलूप नाही.

पण मी अजून निश्चिंत नाही. हे सारे त्या एका भल्या पोरीच्या शब्दावर चालले आहे. तिची बदली झाली, नातीचा वर्ग बदलला, की पुन्हा फाटक आणि पुन्हा "जबाबदारी कोणाची?". भल्या माणसाच्या कृपेवर पोराचा जीव टांगून ठेवणे ही व्यवस्था नव्हे. व्यवस्था म्हणजे जी भले माणूस रजेवर असतानाही चालते. लेकीची गेलेली नोकरीही परत आलेली नाही.

म्हणून माझे मागणे एवढेच. दिवाळीची सुट्टी संपेल, दुसरे सत्र सुरू होईल. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांचा कागद घेऊन शाळेत जावे, काही न झाकता सांगावे आणि शाळेचे उत्तर लेखी मागावे. ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनी पालकसभेत हात वर करून विचारावे, की आपल्या शाळेत अशी मुले किती, त्यांची औषधे कुठे आहेत आणि ती कोणाला देता येतात? आपल्या पोरासाठी सारेच भांडतात. दुसऱ्याच्या पोरासाठी एक प्रश्न विचारायला फार धाडस लागत नाही. आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनी घरी निघताना एकदा स्वतःचा खिसा चाचपून पाहावा. त्यात एखाद्या पोराच्या औषधाची किल्ली तर नाही ना?

माझ्या खिशात ती होती. त्या पोराच्या आईचे शब्द मी अजून विसरलेलो नाही.

असो. कारीट संपले. आता फराळाला बसावे.